कडक झालेला फोल्डिंग चाकू: स्क्रूला हात लावायच्या आधी गरम पाणी

दादा, तुमचा प्रश्न सकाळी दुकानाचं शटर वर करता करताच वाचला. तेव्हाच दोन ओळी टाकणार होतो, पण दोन ओळीत सांगितलं असतं तर तुम्ही थेट स्क्रू ड्रायव्हर उचलला असता, म्हणून आता जेवण करून निवांत लिहायला बसलोय. लांबेल जरा.

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. कोरेगावच्या ह्या दादांनी सात महिन्यांपूर्वी ३,४०० रुपयांचा फोल्डिंग चाकू ऑनलाइन मागवला, तीन इंची पातं, लायनर लॉक (मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून उघडलेलं पातं अडवून धरते तो), मुठीला स्टार स्क्रू (चांदणीसारख्या खाचेचे). आला तेव्हा एका अंगठ्याने उघडायचा. मग रानात ऊस, आंबे, ठिबकच्या नळ्या, खताची पोती सगळं त्यानेच कापलं, आणि आता दोन हात लावून ओढावा लागतो. मित्र म्हणतो पातं ज्यावर फिरतं तो बिजागरीचा मधला स्क्रू अर्धा फेरा सैल कर, काम झालं. थोरला भाऊ म्हणतो पाच वर्षांची वॉरंटी आहे, हात लावू नको, कंपनीला पाठव. आणि तिसऱ्या कुणीतरी सांगितलंय की खोबरेल सोड. तर ऐकायचं कुणाचं?

माझं मत म्हणाल तर आजच्या दिवशी तिघांचंही नको.

मी कोण सांगणारा, तर कुपवाड एमआयडीसीत टूलरूमला एकोणीस वर्षं फिटर होतो, आता अकरा वर्षं झाली सांगलीत धार लावायचं आणि हत्यारं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. विळे, कात्र्या, छाटणीच्या कात्र्या, कलमाचे चाकू, अडकित्ते, अधूनमधून एखादा महागातला परदेशी चाकू. द्राक्षपट्टा जवळ असल्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात कलमं भरायच्या दिवसात नुसते फोल्डिंग चाकू येतात, कडक झालेत म्हणून. त्यामुळे ह्या एका दुखण्यावर माझा हात बसलाय असं म्हणायला हरकत नाही.

आता खरा प्रश्न काय आहे बघा. तुम्ही विचारलंय घरी करू की कंपनीला पाठवू, पण त्याच्या आधी ठरवायला पाहिजे की दोष कुणाचा. वॉरंटी असते ती माल खराब निघाला किंवा जोडणी चुकली त्यासाठी. आपण वापरून घाण केली त्यासाठी नसते, आणि कार्डावर तसं लिहिलेलंही असतं, फक्त बारीक अक्षरात. तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात कामाचं वाटलेलं वाक्य म्हणजे 'आला तेव्हा अंगठ्याने उघडायचा.' जो चाकू पहिल्या दिवसापासून कडक आहे त्याची गोष्ट वेगळी, तिथे फॅक्टरीत स्क्रू जास्त आवळलाय, वायसर (पातं आणि मुठीच्या मधली पातळ चकती) वाकडा बसलाय, पातं तिरकं बसलंय असं काहीतरी असू शकतं. पण आधी बरा होता आणि हळूहळू जड होत गेला म्हटल्यावर दहातले आठ वेळा आत मळ असतो. हा दहा-आठचा हिशोब माझ्या टेबलावरचा आहे हो, कुठल्या अभ्यासातला नाही. आणि एक दिवस अचानक कडक झाला असेल, म्हणजे काल बरा होता, आज हातातून दगडावर पडला आणि आता अडतोय, तर तो तिसराच प्रकार, वाकलाय कुठेतरी.

आता हातात घ्या आणि मुद्दाम अगदी सावकाश उघडा. कुठे जड लागतो तिकडे लक्ष द्या. नुसता सुरुवातीला अडतो आणि दोन-चार मिलिमीटरनंतर सुळकन जातो, असं असेल तर तो मळ नाही. लायनरच्या पट्टीवर एक बारकी गोळी बसवलेली असते, ती बंद पात्याच्या खळग्यात बसते म्हणून चाकू खिशात आपोआप उघडत नाही. ती गोळी जास्त घट्ट बसतेय. त्यात घरी करण्यासारखं काही नाही, फार त्रास होत असेल तर कंपनीला सांगायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच जड, काहिलीत घट्ट होत आलेला गूळ ढवळावा तसा, तर मळ, वाळलेलं तेल किंवा आवळलेला स्क्रू. करकर आवाज येतोय आणि बोटाला वाळू लागल्यासारखं वाटतंय तर माती. मधेच एका ठराविक जागी अडतो आणि पात्याच्या अंगावर तिथे एक चकचकीत ओरखडा दिसतोय तर पातं लायनरला घासतंय, ती वॉरंटीची केस. आणि उघडतो व्यवस्थित पण बंद करताना लॉकची पट्टी बाजूला सरकत नाही, अंगठा दुखतो, तर लॉक पात्याच्या बुडाला चिकटतोय. तिथे पेन्सिलीचं टोक त्या टेकणाऱ्या जागेवर दोनदा घासा, शिसपेन्सिलीची काळी भुकटी पुरते, तेल मात्र तिथे लावू नका कारण लॉकने धरून ठेवायचं असतं, घसरायचं नसतं.

तुमच्या लिहिण्यावरून तुमचा दुसरा प्रकार वाटतोय, सगळीकडे सारखा जड.

मळ म्हणजे नुसती माती नाही, आणि इथेच लोक चुकतात. चिकटा दोन जातीचा असतो. एक गोड चिकटा, म्हणजे उसाचा रस, द्राक्षाचा रस, आंब्याचा गर, गूळ. हा तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. कितीही भारी तेल सोडा, साखर आत तशीच राहते आणि वर तेलाने ओली झालेली धूळ बसते, म्हणजे आधी होता त्याच्या दुप्पट लगदा. दुसरा म्हणजे चीक, आंब्याच्या देठाचा, फणसाचा, उंबराचा. हा पाण्याला दाद देत नाही, तेलात सुटतो. फणस चिरायला बसताना बायका हाताला आणि विळीला तेल का लावतात? त्याच्याचसाठी. तुमच्या चाकूने ऊस पण कापलाय आणि आंबे पण, म्हणजे तुमच्याकडे दोन्ही पाहुणे मुक्कामाला आहेत. म्हणून आधी पाणी, आणि त्याने भागलं नाही तर मग तेल, हा क्रम उलटा करायचा नाही.

कसं करायचं ते सांगतो, ह्यात एकही स्क्रू फिरवायचा नाही. आधी मोबाइलचा टॉर्च मारून मुठीच्या फटीत बघा, कापूस, पोत्याचा धागा, ठिबकच्या नळीची चोय असलं काही अडकलं असेल तर दात कोरायच्या काडीने ओढून काढा, सुईने नको, सुई आत वायसरला ओरखडे पाडते. मग एका भांड्यात गरम पाणी घ्या, उकळतं नको, हात जेमतेम सोसेल इतपत, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. चाकू अर्धवट उघडून त्यात पंधरा मिनिटं ठेवा. तुमची मूठ प्लास्टिकच्या जातीची आहे असं तुम्ही लिहिलंय म्हणून हे सांगतोय, लाकडाची किंवा हाडाची असती तर भिजत घालू दिला नसता. पंधरा मिनिटांनी पाण्यातच जुन्या टूथब्रशने बिजागरीच्या दोन्ही बाजूंनी घासा आणि पाण्याखालीच तीस-चाळीस वेळा उघडझाप करा. हात साबणाने बुळबुळीत असतो, पातं बोटाकडे येणार नाही असा धरा, धार चांगली असेल तर पात्याला कागदी टेपचे दोन पदर गुंडाळा.

गेल्या कलमांच्या सीझनला मणेराजुरीकडचे एक काका आले होते. चाकू टेबलावर ठेवून म्हणाले, वायसर बदलून द्या, खर्चाचं बघू नका. मी शेजारच्या चहावाल्याकडून स्टीलच्या वाटीत गरम पाणी आणलं, साबण टाकला आणि चाकू त्यात सोडला. पाच मिनिटं झाली तरी काही नाही. मग मी पातं थोडं हलवलं तर बिजागरीतून तपकिरी रंगाचा एक बारीक धागा निघून वाटीच्या तळाला गेला, चहापत्तीचं पाणी उतरावं तसा. परत हलवलं, परत निघाला. दहा मिनिटांत वाटीतलं पाणी गढूळ आणि पातं मोकळं. वेलीचा रस, कलमपट्टीचा चिकटा आणि रानातली काळी माती ह्यांचं मिळून झालेलं ते सिमेंट होतं. काका म्हणाले, 'एवढंच?' मी वीस रुपये घेतले, त्यातले दहा चहावाल्याला गेले.

धुतल्यावर साध्या पाण्यातून काढा, झटका, आणि पूर्ण वाळवा. ह्या पायरीला लोक कंटाळतात आणि मग चार दिवसांनी गंज घेऊन येतात. स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असं नाही, कमी गंजतं एवढंच. घरात केस वाळवायचा ड्रायर असेल तर बिजागरीवर दोन मिनिटं मारा, नसेल तर उघडा करून अर्धा तास उन्हात ठेवा. आणि बोटं जपा, कारण इतके दिवस तुम्ही कडक चाकूला जो जोर लावत होतात तोच जोर सवयीने आज लावाल आणि मोकळं झालेलं पातं फाटकन येईल. माझ्याकडे चाकू नीट झाल्यावर बोट कापून घेतलेली माणसं जास्त आहेत, कडक असताना कापून घेतलेली कमी.

मग तेल. शिलाई मशीनचं तेल, बिजागरीच्या दोन्ही बाजूंना एकेक थेंब, टूथपिकच्या टोकाने. पुन्हा चाळीस-पन्नास वेळा उघडझाप करा आणि बाहेर आलेलं पुसून टाका. जास्त तेल म्हणजे जास्त चांगलं असं नसतं, रानातली धूळ त्याच्यावर बसायचीच. ह्या चाकूने फळं कापून खाणार असाल तर मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं ते घ्या, त्याला वास नाही आणि पोटात थोडं गेलं तरी हरकत नाही.

खोबरेल मात्र नको, आणि हे मी सुचवणाऱ्याचा अपमान करायला सांगत नाही, माझी आजी पण अडकित्त्याला खोबरेलच लावायची. पण अडकित्ता रोज पुसला जायचा. खोबरेल साधारण २४ डिग्रीच्या खाली थिजतं. डिसेंबरात पहाटे रानात पाणी द्यायला जाता तेव्हा बाटलीतलं खोबरेल पांढरं दगड झालेलं असतं की नाही? मग चाकूच्या वायसरमधलं काय वेगळं होणार आहे. वर ते जुनं झालं की खवट आणि चिकट होतं. तुम्ही ऑलरेडी लावलं असेल तर आपला हा सगळा अंदाजच बदलतो, ते सांगा. गोडेतेल त्याहून वाईट, ते वाळून वार्निश होतं.

डब्ल्यूडी-४० बद्दल पण कुणीतरी विचारणारच म्हणून सांगतो. त्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं आणि ४० म्हणजे चाळिसाव्या खेपेला जमलेला फॉर्म्युला, १९५३ सालचा. काम पण तेच, ओल हटवायची, हलका गंज आणि मळ सोडवायचा. धुवायला छान, पण बिजागरीत टिकणारं तेल म्हणून नाही, थोड्या दिवसात उडून जातं आणि चाकू परत कोरडा. मारायचं असेल तर मारा, पुसा, आणि मग मशीनचं तेल लावा.

एवढं केल्यावर चीक असेल तर अजून थोडा जडपणा राहील. मग मशीनचं तेल दोन-तीन थेंब जास्त सोडून रात्रभर ठेवा, सकाळी परत साबणपाण्याने धुवा, वाळवा, एक थेंब. इथपर्यंत खर्च शून्य, वॉरंटीला धक्का नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे आता तुम्हाला कळलेलं असेल की दोष मळाचा होता की अजून काही आहे. हे कंपनीला पाठवायच्या आधी करायचं कारण साधं आहे, तिकडे गेलं तरी पहिल्यांदा तेच करणार आहेत, फक्त तुमचे कुरिअरचे पैसे आणि पंधरा दिवस, महिना जाणार.

धुऊनही कडकच, तर मग तुमच्या मित्राचा आणि भावाचा वाद खरा सुरू होतो. इथे सगळं वॉरंटीच्या कार्डावर काय लिहिलंय त्यावर अवलंबून आहे. काही कंपन्या म्हणतात चाकू खोलला की वॉरंटी संपली. काहींना स्क्रू थोडा सैल-घट्ट केलेला चालतो पण सुटा केलेला चालत नाही. काहींना काही फरक पडत नाही. हे आपण अंदाजाने ठरवायचं नाही, कार्ड वाचायचं, नसेल तर कंपनीला मेल टाकून विचारायचं आणि उत्तर जपून ठेवायचं. दुसरं, विकणारा अधिकृत आहे का? ऑनलाइन साइटवर कुणीतरी परस्पर आणून विकलेला माल असेल तर वॉरंटीचं कार्ड डब्यात असतं पण कंपनी ओळख दाखवत नाही.

मी स्वतः ह्यात हात पोळून घेतलाय. दुकान नवीन होतं तेव्हा एक चांगला परदेशी चाकू घेतला होता, हौसेने, त्या काळात साडेपाच हजार म्हणजे माझ्यासाठी लय होते. तो पहिल्या दिवसापासून कडक. वॉरंटी होती. पण एकोणीस वर्षं टूलरूमला काढलेला माणूस एक चाकू कंपनीला पाठवणार का, असा माझा तोरा. स्टार स्क्रूची किल्ली हाताशी नव्हती म्हणून षटकोनी ॲलन की घातली, बसली पण, आणि जोर दिल्यावर स्टारच्या कडा गोल झाल्या. मग तो स्क्रू बाहेर काढायला ड्रिल मारलं. आत बेअरिंग होतं, त्याच्या मोहरीएवढ्या गोळ्या टेबलावरून टणाटण खाली. जुन्या स्पीकरचा मॅग्नेट घेऊन फरशीवर फिरवला तर एकही लागेना, कारण गोळ्या सिरॅमिकच्या होत्या. शेवटी केरसुणीने गोळा केल्या, एक कमीच भरली. कंपनीला पाठवला तर जसाच्या तसा परत, सोबत छापील चिठ्ठी की वापरणाऱ्याने खोलल्यामुळे वॉरंटी लागू नाही. त्यांची काही चूक नव्हती. तो चाकू अजून ड्रॉवरमध्ये आहे, कुणी लय शहाणपणा करायला लागलं की काढून दाखवतो.

तरीही स्क्रूला हात लावायचाच, किंवा कार्डावर चालतं म्हणून लिहिलंय, तर निदान असा लावा. बिजागरीचा स्क्रू बहुतेक वेळा टी ८ मापाचा असतो आणि मुठीचे टी ६, पण किल्ली घालून बघा, ती गच्च बसली पाहिजे, जरा पण हलली तर ती त्या मापाची नाही. स्वस्तातल्या सेटमधल्या किल्ल्यांची टोकं मऊ असतात, एक बरी किल्ली घ्या. फिरत नसेल तर जोर वाढवायचा नाही. आत निळं लॉकटाइट, म्हणजे स्क्रूच्या आट्यांचा गोंद, लावलेलं असतं, स्क्रू आपोआप सुटू नये म्हणून. सोल्डरिंगचं गरम टोक स्क्रूच्या डोक्यावर वीस-तीस सेकंद टेकवलं की ते नरम पडतं, मग फिरवा. आता मित्राचा अर्धा फेरा. अर्धा फेरा म्हणजे लय झाला हो. घड्याळाच्या डायलवर मिनिटकाटा पाच मिनिटं पुढे जातो तेवढंच फिरवायचं, उघडून बघायचं, परत तेवढंच. पात्याचं टोक चिमटीत धरून डावी-उजवी हलवा, आडवी हल यायला लागली की तुम्ही पुढे गेलात, तेवढंच मागे या. पूर्ण सुटा करायची गरज तुमच्या चाकूला पडेल असं मला वाटत नाही, आणि पडली तर खाली पांढरा टॉवेल अंथरा, प्रत्येक पायरीचा फोटो काढा, ब्रॉन्झचे वायसर कुठल्या बाजूचा कुठे होता ते लिहून ठेवा. आणि टॉवेल अंथरायचाच हं, माझी मोहरी आठवा.

काही गोष्टींना मात्र मी स्वतः पण हात लावत नाही, दुकानात आल्या तरी परत पाठवतो. उघडून लॉक केल्यावर पातं वर-खाली हलतं, म्हणजे उभी हल आहे, तर तो लॉकचा दोष. आडवी हल स्क्रूने जाते, उभी जात नाही. ती घालवायला लोक लॉकची पट्टी वाकवतात, कानस मारतात, आणि मग एक दिवस जोर लावलेला असताना लॉक सुटतो आणि पातं चार बोटांवर मिटतं. लॉक मुळात पूर्ण बसत नाही, पट्टीला चीर आहे, पातं वाकलंय, असलं काहीही दिसलं तर तुमच्या थोरल्या भावाचं शंभर टक्के ऐका आणि पाठवून द्या. वॉरंटी त्याच्यासाठीच तर असते.

पाठवायचं ठरलं तर धुऊन पाठवा, उसाच्या रसाने माखलेला चाकू बघितल्यावर समोरचा माणूस पहिल्यांदा 'वापरातला निष्काळजीपणा' असा शिक्का शोधतो. त्याआधी वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ काढा ज्यात तो एका हाताने उघडत नाही हे दिसतंय, स्क्रूंचे जवळून फोटो काढा, कारण डोकी कोरी आहेत हा तुमचा पुरावा आहे, बिलाची प्रत मेलला जोडा, आणि तक्रार नंबर मिळाल्याशिवाय पार्सल टाकू नका. पार्सलमध्ये चाकू आहे हे कुरिअरवाल्याला सरळ सांगा आणि पातं बंद करून जाड पुठ्ठ्यात बांधा. खर्च जाताना तुमचा असतो बहुतेक, येतानाचा कधी त्यांचा. कंपनी दाद देत नसेल आणि तुमचं म्हणणं खरं असेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी पण लागत नाही, पण ३,४०० च्या चाकूसाठी साताऱ्याला तारखा घालायच्या की नाही ते तुम्ही ठरवा.

अजून एक, जे लोकांच्या लक्षात येत नाही. वॉरंटीत बऱ्याचदा दुरुस्त करून देत नाहीत, बदलून दुसरा देतात. तुमच्या बाबतीत ती चांगली बातमी. पण मिलिटरी अपशिंग्याकडचे एक रिटायर्ड सुभेदार आले होते, लाल मुठीचा स्विस चाकू घेऊन, त्याच्यावर त्यांच्या युनिटमधल्या दोस्ताने नाव कोरलेलं. स्प्रिंग तुटलेली होती, कंपनीच्या वॉरंटीत बसलं असतं. मी म्हणलं पाठवा, नवीन येईल. ते म्हणाले, 'नवीन काय करू?' आणि तुटकाच घेऊन गेले. माझ्याकडून धार तेवढी लावून घेतली.

ते स्विस चाकू तसे वेगळ्या बांधणीचे असतात, स्क्रूच नसतो, रिव्हेट आणि पाठीची स्प्रिंग, त्यामुळे सैल करायचा विषयच येत नाही आणि नवीन असताना ते मुद्दाम थोडे कडक असतात. त्यांची कंपनी स्वतःच सांगते की चिकटला तर कोमट पाण्यात उघडझाप करा आणि मग तेलाचा थेंब सोडा, म्हणजे वर मी सांगितलं तेच. फ्रान्सचा तो लाकडी गोल मुठीचा ओपिनेल पण आजकाल बऱ्याच जणांकडे दिसतो. तो जूनपासून महाबळेश्वर, पाटण, कोयनेकडे हमखास अडकतो, कारण मुठीचं लाकूड ओल पिऊन फुगतं आणि पात्याला आवळून धरतं. त्याला पाण्यात घालू नका, अगदी उलटं करा, चार-पाच दिवस कोरड्या उबदार जागी ठेवा, चुलीजवळ नको, लाकूड तडकेल. घाई असेल तर लॉकची रिंग सोडून मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर ठोकलं की पातं थोडं बाहेर येतं. वाळल्यावर जवसाचं तेल पाजलं की पुढच्या पावसाळ्यात त्रास कमी. आणि बाजारात मिळणारे रिव्हेटचे दीडशे-दोनशेचे चाकू, त्यांना वॉरंटी नाही, सर्व्हिस नाही, तेच शिकायला घ्या. खोलायची हौस आहे ना, त्याच्यावर भागवा.

द्राक्षवाल्यांसाठी एक जादाचं. चाकू आणि बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या फवारणीची) भांडी एकाच पिशवीत ठेवू नका. मोरचुदाचं पाणी पोलादाला लागलं की पात्यावर तांब्याचा लालसर थर चढतो आणि खालचं लोखंड खात जातं. तसा बिजागरीत खाल्लेला चाकू मोकळा होत नाही, आणि तो वॉरंटीत पण बसत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर गाळात राहिलेली हत्यारं पोत्याने आली होती दुकानात, त्यातली निम्मी तरी गरम पाण्याने आणि रॉकेलने वाचली, पण मोरचुदाची खाल्लेली एक पण नाही.

तर दादा, आज रात्री गरम पाणी आणि साबण, उद्या उन्हात वाळवून एक थेंब तेल, आणि संध्याकाळी मला तीन गोष्टी कळवा: जडपणा किती कमी झाला, पात्याच्या दोन्ही अंगावर कुठे घासल्याचा चकचकीत पट्टा दिसतो का त्याचा फोटो, आणि उभी हल आहे का. पट्टा किंवा उभी हल असेल तर मी पण भावाच्या बाजूने. दोन्ही नसेल आणि तरी कडक असेल तर वॉरंटी कार्डाचा फोटो टाका, मग त्या घड्याळाच्या पाच मिनिटांचं बघू. आणि खोबरेल सोडून झालंय का ते खरं सांगा, मी रागावणार नाही.